एका पंगतीतले आवाज

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्यानं एक उद्योग केला. घरातल्या जुन्या कॅसेटी, मित्रांनी तबकड्यांवरून उतरवून दिलेली गाणी, एकेकाळी स्टेशनबाहेर मिळायच्या त्या दीडदीडशे गाण्यांच्या एमपीथ्री सीडी असं सगळं त्यानं संगणकात भरलं आणि बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर घालून माझ्या हातात ठेवलं. "मामा, आता कपाट रिकामं करा," म्हणाला. तीन हजारांच्या वर गाणी होती.

त्या रात्री मी हौसेनं ऐकायला बसलो. कुठलंही गाणं कशाहीनंतर लागावं, अशी सोय त्यानं करून दिली होती. पहिल्यांदा अब्दुल करीम खाँसाहेब लागले. मी मिरजेजवळच्या खेड्यात वाढलेला माणूस, खाँसाहेबांचं नाव आमच्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यासारखं घेतलं जातं. त्यांचा तो बारीक, धाग्यासारखा सूर नीट ऐकू यावा म्हणून मी आवाज वाढवला. झिंझोटी संपली आणि पुढच्या क्षणाला अलीकडचं एक सिनेमागीत असं काही अंगावर आलं की स्वयंपाकघरातून बायको धावत आली. मी आवाज कमी केला. पुढचं गाणं ऐकूच येईना. पुन्हा वाढवला. अर्धा तास हेच चाललं. गाणं राहिलं बाजूला, मी आपला बटनाचा चौकीदार होऊन बसलो.

आणि त्यातच अम्मी लागली.

१९८८ साली मी कॉलेजात बी.ए.ला होतो. मराठीच्या सरांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सांगितल्या, तेव्हा मी एका मित्राचा टेपरेकॉर्डर मागून घरी नेला. गावात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षं झाली होती, पण भरडा काढायला, डाळ दळायला घरचं जातंच लागायचं. अम्मी दळायला बसली आणि मी टेप सुरू केला. बावीस मिनिटांची ती कॅसेट आहे. मध्येच माझ्या धाकट्या बहिणीच्या हातून पितळी तांब्या फरशीवर पडतो. त्याचा ठणठणाट होतो आणि लगेच अम्मीचा आवाज एकदम खोल जातो. मग हळूहळू वर येतो. अम्मी २००४ मध्ये गेली. तिचा आवाज म्हणून आमच्याकडे एवढाच आहे.

त्या रात्री सिनेमागीतानंतर ती लागली तेव्हा जात्याची घरघर तेवढी कळली. ओवी ऐकूच आली नाही. मनात आलं, या गर्दीत आपली आईच ऐकू येत नसेल तर हा तीन हजारांचा संग्रह काय कामाचा? दुसऱ्या दिवशी मी भाच्याला विचारलं, "सगळी गाणी एकाच आवाजात का लागत नाहीत रे?" त्याचं उत्तर लांबलं. ते समजून घेता घेता मी शंभर-सव्वाशे वर्षं मागे गेलो. ती हकिकत आज सांगायची आहे.

आवाज साठवता येऊ लागला तेव्हा सुरुवातीला वीज नव्हती. गायकानं एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं. कर्ण्याच्या टोकाला पडदा, पडद्याला सुई, आणि सुईखाली मेण. गळ्यातून निघालेल्या हवेच्या धक्क्यानंच मेणावर रेघ उमटायची. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग कोलकात्याला आले आणि त्यांनी गौहरजान यांचं गाणं घेतलं, ते असंच. या पद्धतीत हळुवार गाण्याला जागाच नव्हती. जो जोरात गाईल त्याची रेघ ठळक, जो हळू गाईल तो खरखरीत बुडाला. आवाजाचा समतोल राखायचा तर माणसंच पुढेमागे सरकवायची. मोठं वाद्य मागे, नाजूक वाद्य पुढे. गायकानं वरचा सूर लावला की त्यानं मान मागे घ्यायची. खाँसाहेबांच्या पहिल्या तबकड्या १९०५ च्या सुमारास अशाच निघाल्या.

ऐकणाऱ्याच्या हातीही आवाजाचं बटन नव्हतं. आवाज कमी-जास्त करायचा तर ग्रामोफोनची सुई बदलायची. मोठ्या आवाजाची जाड सुई, हळू आवाजाची बारीक सुई, अशा वेगवेगळ्या डब्या विकत मिळत. कर्णा कपाटाच्या आत दडवलेले ग्रामोफोन १९०६ पासून निघाले, त्यांना पुढून दारं असत. दार लोटून घेतलं की आवाज कमी. हे वाचलं तेव्हा मला गंमत वाटली. आपण शेजारच्यांना म्हणतो ना, "जरा दार लावून घ्या," तसंच हे.

१९२५ मध्ये मायक्रोफोन आणि विजेवरचं ध्वनिमुद्रण बाजारात आलं आणि गाणंच बदललं. कुजबुजल्यासारखं गाणारा गायकही आता हजारो घरांत पोचू लागला. अमेरिकेत बिंग क्रॉस्बीसारख्या गायकांची कारकीर्द या मायक्रोफोनवर उभी राहिली. आपल्याकडे खाँसाहेबांनी १९३० च्या दशकात, आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत, पुन्हा तबकड्या दिल्या. १९३७ मध्ये ते गेले. माझ्या पेनड्राइव्हवर आहेत त्या याच. त्यांच्या सुराचा नाजूक काठ आज आपल्याला ऐकू येतो तो विजेच्या कृपेनं.

पण वीज आली आणि नवा प्रश्न उभा राहिला. आवाज मोजायचा कसा? टेलिफोनच्या तारांत आवाज किती घटतो हे मोजायला अमेरिकेत बेल कंपनीच्या लोकांनी एक माप काढलं होतं. १९२८ मध्ये टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून त्याला डेसिबल म्हणू लागले. हे माप किलो-मीटरसारखं सरळ नाही. आवाज ३ डेसिबलनं वाढवायचा तर ताकद दुप्पट लावावी लागते, आणि कानाला मात्र फरक थोडासाच वाटतो. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे ताकद दहापट. मी मराठीचा बी.ए., गणिताशी माझं लहानपणापासून बरं नाही. पण एवढं कळलं की कान हा हिशेबाला कच्चा नसून त्याचा हिशेबच निराळा आहे.

तो किती निराळा, हे १९३३ मध्ये हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या दोघांनी दाखवलं. त्यांनी लोकांना कानाशी यंत्र लावून वेगवेगळ्या उंचीचे सूर ऐकवले आणि विचारलं, हा सूर त्या सुराएवढाच मोठा वाटतो का? उत्तर असं निघालं, की आपला कान सगळ्या सुरांना सारखा मान देत नाही. खर्जातला सूर ऐकू यायला पुष्कळ ताकद लागते. मधल्यापेक्षा थोडे वरचे सूर, तान्ह्या पोराचं रडणं ज्या पट्टीत असतं ते, थोड्या ताकदीतही टोचतात. आवाज एकंदर हळू केला तर खर्ज सगळ्यात आधी नाहीसा होतो. म्हणजे यंत्राला दोन आवाज सारखे दिसले तरी कानाला ते सारखे वाटतीलच असं नाही. समान पातळीचा सगळा घोळ इथून सुरू होतो.

तोवर रेडिओ घराघरांत गेला होता. आपलं मुंबईचं केंद्र १९२७ मध्ये सुरू झालं. रेडिओवर एकामागोमाग भाषण, गाणं, बातम्या, वाद्यवृंद. ऐकणाऱ्याला दर वेळी उठून बटन फिरवावं लागू नये, ही जबाबदारी केंद्रातल्या माणसाची. १९३९ मध्ये अमेरिकेत दोन मोठ्या रेडिओ कंपन्या आणि बेलची प्रयोगशाळा यांनी मिळून एक काट्याचं मापयंत्र ठरवलं, त्याला व्ही.यू. मीटर म्हणतात. जुन्या टेपरेकॉर्डरवर पिवळसर उजेडात नाचणारा काटा तुम्ही पाहिला असेल, तो हाच. हा काटा मुद्दाम आळशी ठेवलेला असतो. टाळी वाजली, चमचा पडला, तर तो लगेच टोकाला जात नाही. वर चढायला त्याला एका सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. क्षणाचा कडकडाट सोडून एकंदर आवाज किती आहे ते तो सांगतो. इंग्लंडात बी.बी.सी.नं त्याच सुमारास दुसरा काटा पत्करला, तो क्षणाचं टोक पकडणारा. एक सरासरी पाहणारा, एक टोक पाहणारा. दोघांचीही गरज असते. टोक पाहणारा यंत्राला जपतो, सरासरी पाहणारा कानाला. आता मी इथे बोलतोय तेव्हाही काचेपलीकडे बसलेल्या गृहस्थांचं माझ्या शब्दांपेक्षा पातळीकडे जास्त लक्ष आहे, आणि ते तसंच असायला हवं. कविसंमेलनात माइकला ओठ टेकवून वाचणारा कवी आणि माइकपासून दोन हात लांब उभा राहणारा कवी यांच्यामध्ये असा एखादा माणूस असता, तर किती बरं झालं असतं.

मग भांडण कुठे लागलं? तर धंद्यात. अमेरिकेत हॉटेलांमध्ये नाणं टाकून गाणं वाजवायची ज्यूकबॉक्स नावाची पेटी असायची. तिचा आवाज मालकानं एकदा ठरवून ठेवलेला. मग जी तबकडी मुळात मोठ्या आवाजात कापलेली असेल तीच गलक्यात उठून दिसणार. कंपन्यांना हे कळलं. शिवाय कानाची एक खोड आहे. एकच गाणं दोनदा ऐकवलं आणि दुसऱ्यांदा किंचित मोठं लावलं, तर बहुतेकांना दुसरं 'चांगलं' वाटतं. मोठं ते चांगलं, ही समजूत फक्त राजकारणातली नाही.

तबकडीच्या काळात या चढाओढीला निसर्गाचा लगाम होता. आवाज मोठा केला की रेघ रुंद होते, रेघ रुंद झाली की तबकडीवर कमी वेळ मावतो, आणि फारच मोठा केला तर सुई उडी मारते. १९८२ मध्ये सीडी आली आणि हा लगाम सुटला. सीडीवर आवाज म्हणजे आकडे. एकूण ६५,५३६ पायऱ्या. सगळ्यात वरच्या पायरीच्या वर काही नाही. तिथे छत आहे, आणि त्या छताला शून्य म्हणायचं. सुरुवातीच्या सीडींमध्ये लोकांनी छताखाली पुष्कळ मोकळी जागा ठेवली होती. तबल्याची एखादी जोरकस थाप त्या मोकळ्या जागेत उसळी मारून खाली यायची. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की या उसळ्या दाबून टाकल्या तर बाकीचं सगळं गाणं उचलून छताला टेकवता येईल. १९९४ मध्ये हे काम पुढचं पाहून, आधीच दाब देऊन करणारं लिमिटर नावाचं डिजिटल साधन बाजारात आलं. त्यानंतरची दहा-पंधरा वर्षं ध्वनीच्या जाणकारांत 'लाउडनेस वॉर', म्हणजे मोठ्या आवाजाचं युद्ध, म्हणून ओळखली जातात.

त्या युद्धाची सगळ्यात गाजलेली लढाई २००८ ची. मेटालिका या अमेरिकन बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' नावाचा अल्बम आला. तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्येही होती, आणि गेममधली गाणी सीडीपेक्षा मोकळी, स्वच्छ वाजत होती. सीडीवर आवाज इतका दाबून चढवला होता की तो फाटत होता. हजारो चाहत्यांनी सह्या करून मागणी केली, गाणी पुन्हा नीट करून द्या. पैसे देऊन घेतलेल्या सीडीपेक्षा पोरांच्या खेळातलं गाणं बरं, ही नामुष्की साधी नव्हती. हे युद्ध जिंकणारं कुणी नव्हतंच. सगळेच ओरडायला लागल्यावर ओरडण्याचा फायदा कुणाला?

आता माझ्या पेनड्राइव्हवर परत येतो. १९९० च्या दशकात जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी इतरांबरोबर मिळून एमपीथ्री घडवलं आणि गाणी फायली झाली. आता १९३४ ची तबकडी, १९८८ ची कॅसेट आणि गेल्या वर्षीचं सिनेमागीत एका रांगेत येऊन बसले. पूर्वी दोन तबकड्यांच्या मध्ये माणूस उठायचा, सुई ठेवायचा, बटनाकडे हात जायचा. तो हातच आता मधून गेला. म्हणून पंगत मांडायची पाळी आली.

या पंगतीचा पहिला नीट विचार २००१ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन यांनी मांडला. पद्धतीचं नाव रीप्लेगेन. भाच्यानं ती मला अशी समजावली. यंत्र गाण्याचे सेकंदाच्या विसाव्या हिश्शाएवढे तुकडे करतं. प्रत्येक तुकडा आधी कानाच्या चाळणीतून काढायचा, म्हणजे खर्जाला कमी किंमत आणि टोचणाऱ्या पट्टीला जास्त. मग सगळे तुकडे लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत उभे करायचे. सगळ्यात मोठा तुकडा घ्यायचा नाही, कारण तो एखादा ठणका असू शकतो. नुसती सरासरीही घ्यायची नाही, कारण गाण्यात विसावे असतात आणि त्यांमुळे गाणं उगाच हळू ठरतं. शंभरातला पंचाण्णवावा तुकडा घ्यायचा. तो त्या गाण्याचा मोठेपणा. मग ठरलेल्या पातळीपेक्षा हे गाणं किती वर किंवा खाली आहे, तो आकडा फायलीला चिठ्ठीसारखा चिकटवायचा. गाण्याला हात लावायचा नाही. वाजवणारं यंत्र चिठ्ठी वाचतं आणि बटन स्वतः फिरवतं. चिठ्ठी काढली की गाणं होतं तसं.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. रॉबिन्सन यांनी प्रत्येक गाण्याला एक नाही, दोन आकडे ठेवले. एक त्या गाण्याचा, दुसरा ते ज्या संचातलं आहे त्या सगळ्या संचाचा. पहिल्याला त्यांनी मुळात 'रेडिओ' असं नाव दिलं होतं, कारण रेडिओवर सुटी सुटी गाणी एका पातळीवर लागतात. दुसरा जाणकार श्रोत्यासाठी. का? तर एखाद्या मैफलीच्या सीडीवर विलंबित ख्याल एका फायलीत आणि द्रुत दुसऱ्या फायलीत असतो. दोघांना वेगवेगळं मोजून समान केलं, तर विलंबिताची आलापी द्रुताएवढी मोठी होऊन बसते. गवयानं तासभर चढवत नेलेली पायरी यंत्र एका झटक्यात सपाट करतं. त्या वेळी सगळ्या मैफलीला मिळून एकच आकडा लावायचा. बाहेरच्यांशी समान व्हा, घरातला लहानमोठेपणा घरात राहू द्या.

पुढे या विचाराला सरकारदरबारी मान्यता मिळाली. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं कानाला वाटणारा मोठेपणा मोजायची एक पद्धत ठरवून दिली. २०१० मध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियननं तिच्यावर आधारून नियम केला, की कार्यक्रमाची पातळी छताच्या २३ मापं खाली ठेवावी. म्हणजे उसळीला भरपूर जागा आली. २०११ मध्ये मोजणीत आणखी एक सुधारणा झाली. शांतता आणि फार हळू भाग हिशेबातून वगळायचे. कुणी मध्ये थांबला, श्वास घेतला, म्हणून त्याची पातळी उगाच वर चढवायची नाही. कवी म्हणून मला ही सुधारणा फार मोलाची वाटते. २०१० च्याच डिसेंबरात अमेरिकेत टीव्हीवरच्या कर्कश जाहिरातींना आळा घालणारा कायदा झाला आणि २०१२ च्या डिसेंबरात तो लागू झाला. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांतून 'शांत' या अर्थाचा इंग्रजी शब्द तयार होतो. आज स्पॉटिफाय, ॲपल, यूट्यूब यांसारख्या सेवा आपापली पातळी ठरवून मोठ्यानं ओरडणारं गाणं आपोआप खाली आणतात. त्यामुळे छताला टेकवून केलेल्या गाण्याला तिथे ओरडण्याचा फायदा उरलेला नाही. तोटा मात्र राहिला. खाली आणल्यावर ते लहान होतंच, वर चेंगरलेलंही वाटतं.

एवढं शिकून झाल्यावर आम्ही मामा-भाचे अम्मीच्या कॅसेटपाशी बसलो. भाच्यानं आधी सोपी युक्ती केली होती. प्रत्येक गाण्याचं सगळ्यात उंच टोक शोधायचं आणि ते छताला टेकेपर्यंत गाणं उचलायचं. अम्मीच्या कॅसेटला यंत्रानं सांगितलं, हे आधीच छताला टेकलंय, याला काही करायची गरज नाही. टेकलं होतं ते काय, तर तो तांब्या! बावीस मिनिटांतला एका क्षणाचा ठणका, आणि त्याच्यापायी यंत्रानं अम्मीला मोठ्या आवाजाची बाई ठरवलं होतं. मग रीप्लेगेननं मोजलं. तांब्या पंचाण्णवाच्या पलीकडे गेला, जात्याच्या घरघरीतल्या खर्जाची किंमत उतरली, आणि अम्मीचा खरा आकडा समोर आला. सिनेमागीताच्या १५ डेसिबल खाली.

"हिला १५ नं उचलू?" मी विचारलं.

"उचलली तर तांब्या छताला आपटून फाटेल, मामा. तो फाटू नये म्हणून लिमिटर लावला तर तो तांब्या दाबेल, आणि त्याच्याबरोबर त्या क्षणाची ओवीही दाबेल. तुमच्या टेपरेकॉर्डरनं एकदा केलंय तसं."

"म्हणजे?"

त्यानं मला ती जागा पुन्हा ऐकवली. तांब्या पडतो, अम्मीचा आवाज खोल जातो, आणि हळूहळू वर येतो. "नानी इथे हळू गायलीच नाहीये," तो म्हणाला. "त्या काळच्या साध्या टेपरेकॉर्डरमध्ये पातळी आपोआप सांभाळायची सोय असायची. मोठा आवाज आला की यंत्र घाबरून सगळंच खाली ओढायचं आणि मग हळूहळू सोडायचं. जात्याची घरघर ऐका. तीपण तेवढीच खाली गेलीय. जातं काय तांब्याला घाबरतं?"

मी गप्प झालो. तीस-पस्तीस वर्षं माझी समजूत होती, की अम्मी त्या ठणक्यानं दचकली, तिचा आवाज बसला, आणि मग ती सावरली. त्यावर मी एक कविताही लिहिली होती, ती छापूनही आली. अम्मी दचकली नव्हती. तांब्या पडला, पोरगी घाबरली असेल, पण ती बाई दळत राहिली आणि गात राहिली, त्याच आवाजात. यंत्रानं तिला दबवलं होतं.

समान करण्याचे दोन प्रकार आहेत, हे मला त्या क्षणी नीट कळलं. एक प्रकार गाण्याच्या आत शिरतो, उंच ते दाबतो आणि खोल ते उचलतो. त्यात माणसाचा चढ-उतारच जातो, आणि पुन्हा परत मिळत नाही. दुसरा प्रकार दारातच थांबतो. आत काय आहे त्याला हात लावत नाही. फक्त कोण कुठे बसेल एवढंच पाहतो. पंगतीत सगळे एका पातळीवर बसतात, पण जेवताना कुणी सगळ्यांचा घास एकसारखा करायला जात नाही.

"मग करायचं काय?" मी विचारलं.

"बाकीच्यांना खाली आणू. अम्मी-नानीला हातच लावायचा नाही. तिची पातळी ती सगळ्यांची पातळी."

तसंच केलं. तीन हजार गाणी खाली उतरली. सिनेमागीत १५ डेसिबल उतरलं, नाट्यगीतं चार-पाच, एक कव्वाली नऊ. खाँसाहेब फारसे हललेच नाहीत, ते आधीच तिच्या शेजारी बसले होते. आता पेनड्राइव्ह लावला की सगळंच हळू वाजतं. आवाजाचं बटन एकदा बरंच पुढे न्यावं लागतं आणि मग हात मोकळा राहतो. कॅसेटचा सूंऽऽ असा फुफाटा आहे, तो त्याबरोबर वाढतो. तो काढता येईल असं भाचा म्हणाला होता. पण त्याच्याबरोबर श्वास जाईल, म्हणून नको म्हटलं.

तांब्याचं मात्र विचारावं लागलं. एका क्षणाचा तर तुकडा, कापून टाकला असता. भाच्यानं त्याच्या आईला फोन लावला. माझी बहीण आता पन्नाशीकडे आलीय. तिनं फोनवर ती जागा ऐकली. तांब्या ऐकला, पुढची ओवी ऐकली. बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, "राहू दे तो. त्या दिवशी मला वाटलं होतं, आता मार बसणार. अम्मीनं नुसतं माझ्याकडे बघितलं आणि गात राहिली."